रुमालाखालची जोखीम

हरिश्चंद्र सावे यांच्या ओटीवर सात बागायतदार चहा पीत बसले होते आणि अच्युत टेंबे नावाचा एक चष्मेवाला तरुण त्यांची जोखीम मोजत होता. म्हणजे मोजायचा प्रयत्न करत होता. घोलवडला येऊन त्याला तीन दिवस झाले होते, सावे यांच्या घरचं जेवून त्याचा सदरा पोटावर घट्ट झाला होता, पण अजून एकाही माणसाची जोखीम त्याच्या हाती लागली नव्हती.

जोखीम मोजतात कशी, असं तुम्ही विचाराल. ओटीवरच्यांनीही विचारलं होतं. अच्युत पुण्याच्या एका अर्थशास्त्राच्या संस्थेत संशोधन सहायक होता आणि तिथले त्याचे वरिष्ठ, डॉक्टर परचुरे, यांनी एक पद्धत शोधून काढली होती. (हे डॉक्टर औषध देणारे नव्हेत, हे अच्युतला रोज एकदा सांगावं लागे, कारण हरिश्चंद्रची बायको बकुळा हिचा गुडघा दुखत होता.) पद्धत अशी. बागेत चिकू लगडलेत. पुढं भाव चढेल की पडेल, वादळ येईल की वटवाघळं माल खातील, ते देवाला ठाऊक. अशा वेळी झाडावरचा सगळा माल कुणी उक्ता मागितला, तर मालक कमीत कमी किती रुपयांवर तयार होईल? जो भित्रा तो थोडक्यात देऊन मोकळा होईल, जो धीट तो अडून बसेल. त्या आकड्यावरून माणसाच्या धीटपणाचं माप काढायचं. पुण्याला कागदावर हे फार सुरेख दिसत होतं.

"तर समजा, काका," अच्युत म्हणाला, "तुमच्या बागेचा या हंगामाचा सगळा माल कुणी उक्ता मागितला. किती रुपयांना सोडाल?"

"सहाशे," हरिश्चंद्र म्हणाला.

शेजारचा दौलत चुरी याने कप खाली ठेवला. "सहाशे? तुझी बाग माझ्याहून लहान नि तुला सहाशे? माझे आठशे लिहा हो."

"मग माझे नऊशे करा," हरिश्चंद्र म्हणाला.

"अहो, पण आत्ताच तुम्ही सहाशे म्हणालात."

"तेव्हा हा बोलला नव्हता."

कोपऱ्यात महादेव राऊत बसला होता. त्याने मिशीवरचा चहा पुसला आणि दोन हजार सांगितले. आतून बकुळाचा आवाज आला, "महादेवभावजी, आठ झाडं तुमची. त्यातलं एक आंब्याचं."

"मनातला आकडा विचारतायत वहिनी. झाडं कुठं विचारली?" महादेव म्हणाला.

बैठक संपली तेव्हा अच्युतच्या हिशेबाने घोलवडसारखी शूर माणसं जगाच्या पाठीवर नव्हती. त्याने कपाळाला हात लावला. गुरुवारी डॉक्टर परचुरे स्वतः पाहणीला येणार होते. सात माणसांचे खरे आकडे त्यांच्यापुढे ठेवले तर अच्युतची नोकरी कायम होणार होती. नाही ठेवले तर मार्चअखेर त्याच्या हातात नारळ. आणि नोकरी कायम झाल्याखेरीज मुहूर्त काढणार नाही, असं त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. बिचाऱ्याला घास गोड लागेना, पण बकुळा वाढत होती म्हणून तो खात होता.

दुपारी तो दौलतबरोबर स्टेशनाकडे गेला. मालधक्क्यावर चिकूच्या करंड्यांची थप्पी लागली होती आणि तिच्या आडोशाला दोन माणसं एकमेकांचे हात हातात घेऊन उभी होती. हातांवर एक मोठा रुमाल टाकलेला. एकाची मान हलत होती, दुसऱ्याच्या भुवया वर जात होत्या, तोंडानं कुणीच बोलत नव्हतं.

"यांना काय झालंय?" अच्युतने विचारलं.

"व्हायचंय काय? भाव सांगतायत," दौलत म्हणाला. "रुमालाखाली बोटं धरायची. एक बोट म्हणजे शंभर. दोन बोटं दोनशे. बाजूच्याला काय कळत नाय."

बाजूच्याला कळत नाही. अच्युत जागच्या जागी उभा राहिला. गुप्त उत्तर. कुणाचं ऐकून कुणी फुगवणार नाही, लाजणार नाही, मनातला आकडा थेट बोटात येईल. पुण्याच्या सगळ्या ग्रंथालयात जे सापडलं नाही ते इथं मालधक्क्यावर रुमालाखाली झाकून ठेवलेलं होतं. त्याने दौलतचे दोन्ही हात धरून आभार मानले आणि तो घराकडे धावत सुटला. भाव ठरल्यावर पुढं काय करतात, हे विचारायला तो थांबला नाही. संशोधक माणसाला अर्धी माहिती मिळाली की त्याला उरलेल्या अर्ध्याची गरज वाटेनाशी होते.

"काकू, एखादा मोठा रुमाल मिळेल का?" त्याने बकुळाला विचारलं.

"कशाला?"

"उद्या बागाबागांत जाऊन एकेकाला भेटणार आहे. रुमालाखाली आकडे घेणार."

बकुळाने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बकुळाकडे पाहिलं. मग तिने पेटीतला नवा, लाल काठाचा पंचा काढून दिला. "हा घ्या भाऊ. फाटका नेऊ नका. चांगल्या कामाला चांगला असावा."

सोमवारी सकाळी पहिला मान हरिश्चंद्रचा. बागेत, चिकूच्या झाडाखाली, अच्युतने हात पुढे केला आणि वर पंचा टाकला. "काका, आता कुणी ऐकत नाही. समजा, या बागेचा सगळा माल उक्ता द्यायचा. किती?"

हरिश्चंद्र थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पंच्याखाली अच्युतची पाच बोटं धरली, सोडली, आणि परत दोन धरली. सातशे. नऊशे नाही, हजार नाही, सातशे. अच्युतला इतका आनंद झाला की त्याने हरिश्चंद्रची मूठ दोन्ही हातांनी गच्च दाबली. "फार आभारी आहे काका, फार आभारी आहे." मग खिशातून एक रुपया काढून त्याने त्याच्या हातावर ठेवला. उत्तर देणाऱ्याच्या वेळेचा मोबदला म्हणून माणशी एक रुपया संस्थेने मंजूर केला होता. हरिश्चंद्रने रुपया कपाळाला लावला आणि कनवटीला खोचला. विद्येबद्दल या साध्या माणसांना केवढा आदर आहे, असं वाटून अच्युतचे डोळे पाणावले.

दुपारपर्यंत सातही जण झाले. सात वेळा पंचा, सात वेळा मूठ, सात वेळा रुपया. महादेवसुद्धा दोन हजारांवरून दीडशेवर आला होता. बेरीज करायचं काही कारण नव्हतं, पण अर्थशास्त्राच्या माणसाचा हात राहत नाही. बेरीज बेचाळीसशे रुपये आली. अच्युत जेवून निवांत झोपला.

आता त्याला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगून टाकतो, म्हणजे त्याच्याबरोबर तुमचीही फरफट नको. या भागात फळांचा व्यापारी कधी सरळ येऊन बाग मागत नाही. तो तीन दिवस ओटीवर चहा पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग म्हणतो, "समजा, कुणी मागितली तर?" मग रुमालाखाली बोटं. मालकाने आकडा दाबला आणि घेणाऱ्याने त्याची मूठ दाबली की सौदा झाला. वर एक रुपया इसार दिला की तो ब्रह्मदेवालाही मोडता येत नाही. आणि अच्युतने चहासकट सगळं केलं होतं.

मंगळवारी सकाळी त्याने न्याहारीला एक चिकू मागितला.

"तुमचाच माल. तुम्ही तोडा, तुम्ही खा," हरिश्चंद्र म्हणाला. "मी आता हात लावायचा नाय."

केवढी ही माया, असं म्हणत अच्युतने एक कच्चा चिकू तोडला आणि अर्धा दिवस त्याची जीभ टाळूला चिकटून राहिली. दुपारी तलासरीकडच्या पाड्यावरून तुक्या आला. बरोबर दहाबारा माणसं आणि जाळी लावलेल्या लांब काठ्या. झाडावरचे चिकू उतरवायला तुक्याची टोळी दरसाल येत असे.

"शेट, तोड कवा धरायची?" तुक्याने विचारलं.

अच्युतला वाटलं, रुपयाची बातमी पसरली आणि ही माणसं उत्तरं द्यायला आली. मजुरांचीही जोखीम मोजता येईल, हे डॉक्टरांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याने सगळ्यांना खाली बसवलं. "समजा, तुम्हाला रोजची ठरलेली मजुरी मिळाली, किंवा जेवढ्या करंड्या भराल तेवढे पैसे. तुम्ही काय पसंत कराल?"

"करंडीवर," तुक्या म्हणाला.

"वा. म्हणजे तुम्ही धीट आहात."

"असंल," तुक्या म्हणाला. अच्युतने माणशी एक रुपया दिला. सगळ्यांनी तो घेतला आणि तुक्या उठला. "मंग उद्याच्याला येतू."

"या की. जरूर या," अच्युत म्हणाला.

त्यांच्या पाठोपाठ चंपा आली. ती करंड्या पुरवायची. तिने सरळच विचारलं, "दादा, करंड्या किती लागतील?"

आता उत्तर देणाऱ्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही, असा संशोधनाचा कडक नियम आहे. अच्युत नियमाचा पक्का. "तुम्हाला किती वाटतं?" त्याने विचारलं.

"तीनशे तरी लागतील."

"ठीक आहे. तीनशे." आणि रुपया.

बुधवारी सकाळी तो दात घासत ओटीवर आला तर त्याला अंगण दिसेना. बैलगाडीतून करंड्या उतरत होत्या. विहिरीपर्यंत करंड्या, तुळशीपर्यंत करंड्या, आणि त्यातून वाट काढत तुक्याची टोळी काठ्या घेऊन उभी. फाटकाबाहेर दौलत, महादेव आणि उरलेले मालक स्वच्छ धोतरं नेसून आले होते.

"काका, कुणाचं लग्न आहे का?" अच्युतने तोंडातला फेस सांभाळत विचारलं.

"तुमची तोड आहे," हरिश्चंद्र म्हणाला. "पहिली करंडी भरली की पैसे मोजायचे. म्हणून सगळे आलेत."

"कसले पैसे?"

"बागांचे. बेचाळीसशे. तुम्हीच बेरीज केलीत म्हणे."

अच्युतने फेस गिळला. मग तो जे बोलला ते बराच वेळ कुणाला कळलं नाही. हळूहळू त्यातून असं निघालं की हे सगळं समजा होतं, त्याने काहीही घेतलेलं नाही, तो फक्त मोजत होता.

"समजाच की," दौलत म्हणाला. "आमचा दरसालचा व्यापारी चिमणशेट, तोपण समजाच म्हणतो. सरळ मागायला काय उसनं पीठ आहे?"

"पण मी मूठ दाबली ती आभार मानायला हो."

"नि इसाराचा रुपया?"

"तो इसार नव्हता. तो काकांच्या वेळेचा मोबदला होता."

"ह्यांच्या वेळेचा?" बकुळा दारातून म्हणाली. "तीस वर्षं मी हा वेळ फुकट बघतेय."

"मी बाग विकत घेऊन काय करू काकू? मी पुस्तक लिहिणार आहे."

"लिहा ना भाऊ. माल उचला आणि मग लिहा."

अच्युत मटकन करंडीवर बसला आणि करंडी मोडली. हरिश्चंद्रने त्याला हात देऊन उठवलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मोडला असता हो सौदा. पोरगं नवखं आहे म्हणून सोडून दिला असता. पण काल चिमणशेट येऊन गेला. दरसाल तोच घेतो. त्याला आम्ही सातही जणांनी सांगितलं, बागा गेल्या. आता कुठल्या तोंडानं त्याच्याकडं जायचं? आणि माल तर पिकत चालला." हे बोलताना त्याचा चेहरा खरोखरच पडला होता. अच्युतला त्याच्याकडे बघवेना. त्याला एकशेचाळीस रुपये पगार होता. उद्या डॉक्टर येणार होते, आणि आपला संशोधन सहायक चिकूचा धंदा करतोय, तोही उधारीवर, हे बघून ते काय म्हणतील हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तेव्हा त्याने पळून जायचं ठरवलं. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. तो आत गेला, ट्रंक भरली आणि मागच्या दाराने निघाला. मागच्या दाराशी तुक्या उभा होता.

"टेसनावर ना शेट? वाघिणीचं बघाया?" असं म्हणून त्याने ट्रंक डोक्यावर घेतली. शेट स्वतः मालगाडीची व्यवस्था करायला निघालेत हे कळल्यावर टोळीही निघाली, मालकही निघाले. अच्युत भराभर चालला तसे तेही भराभर चालले. त्याने वाट बदलली, त्यांनीही बदलली. घोलवडच्या रस्त्याने इतक्या थाटात पळून जाणारा माणूस त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

स्टेशनाच्या बाकावर चिमणशेट बसला होता. धोतर, काळी टोपी, खांद्यावर मोठा रुमाल, मांडीखाली कापडी पिशवी. आपल्या हक्काच्या सात बागा उचलणारा हा कोण, या विचाराने त्याला कालपासून चैन नव्हतं. मिरवणूक येताना पाहून तो उठून उभा राहिला.

"आवो, आवो, टेंबेशेट. बेसो. कुठल्या पेढीचे तुम्ही?"

"मी पेढीचा नाही हो. संस्थेचा आहे. डॉक्टर परचुऱ्यांच्या."

"डॉक्टर लोकपण चिकूत आला?" चिमणशेटने मनातल्या मनात नोंद घेतली. पुण्याचे डॉक्टर पैसा घालतात म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार. "काय भाव पडल्या बागा, ते जरा सांगा ने. आपसात काय लपवायचं?"

"ते मात्र सांगता येणार नाही," अच्युत म्हणाला. तो कितीही घाबरला तरी नियम नियम होता. "प्रत्येकाचा आकडा गुप्त ठेवायचा असतो."

चिमणशेटने त्याच्याकडे आदराने पाहिलं. चाळीस वर्षांच्या धंद्यात इतक्या कोवळ्या वयात इतका तयार माणूस त्याने पाहिला नव्हता.

"शेट, मला फक्त यातून सोडवा," अच्युत हात जोडून म्हणाला. "मला हा माल नको. माझा जीव टांगणीला लागलाय."

चिमणशेट हसला. विकायला निघालेला प्रत्येक पक्का व्यापारी असंच रडतो. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, अच्युतच्या हातावर टाकला आणि खाली त्याची पाच बोटं धरली.

इथं थोडा घोटाळा झाला. बागायतदार शंभराचं बोट धरतो, पण घाऊक सौद्यात बोट हजाराचं असतं. चिमणशेट सातही बागांचे पाच हजार देत होता. अच्युतला वाटलं, या पेचातून सोडवण्याचे हा आपल्याकडून पाचशे रुपये मागतोय. त्याने जोरजोरात मान हलवली.

चिमणशेटने कपाळाला आठ्या घातल्या आणि पाच बोटं धरून मग आणखी अर्धं बोट चिमटीत धरलं. अच्युतला वाटलं, हा मेला कमी करायचं सोडून वाढवतोय. "नाही हो शेट," तो कळवळून म्हणाला. "एवढं नाही झेपायचं मला. माझ्या वयाचा तरी विचार करा."

"विचार करूनच वाढवला ने," चिमणशेट म्हणाला.

मागे उभे असलेले मालक माना उंचावून बघत होते. चिमणशेटला कुणी दोनदा नाही म्हटलेलं घोलवडमध्ये कुणाला आठवत नव्हतं. चिमणशेटने घाम पुसला आणि पाच बोटांवर आणखी एक पूर्ण बोट धरलं. सहा. अच्युतचा धीर सुटला. सहाशे तर सहाशे, पण हा माणूस असाच वाढवत राहिला तर जन्म गहाण पडेल. त्याने रुमालाखाली चिमणशेटची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

सौदा पक्का झाला.

अच्युतने मनगटावरचं घड्याळ काढून बाकावर ठेवलं. शेजारी फाउंटन पेन ठेवलं, खिशातले होते नव्हते ते पैसे ठेवले. "आत्ता एवढंच आहे, शेट. बाकीचे दरमहा पाठवीन," असं तो म्हणाला. चिमणशेट त्या वस्तूंकडे बघत राहिला. विकणाऱ्याने घेणाऱ्याला घड्याळ द्यायचं, ही पुण्याकडची रीत असेल, असं समजून त्याने पेन परत केलं, पैसे परत केले, घड्याळ मात्र मनगटाला बांधलं. मग मांडीखालची पिशवी काढून साठ नोटा मोजल्या. शंभराच्या.

अच्युत त्या नोटांकडे बघत बसला. तो काही बोलत नाही असं पाहून चिमणशेट चुळबुळला. "तुक्याची मजुरी, करंड्या, सगळं माझ्यावर," तो म्हणाला. तरीही अच्युत गप्प. चिमणशेटने घड्याळ काढून परत ठेवलं. "बस. आता याच्या पुढं मी एक पैसा सोडणार नाय."

चिमणशेटला या मालात तोटा आला की फायदा झाला, हे पुढे कुणी ऐकलं नाही. पण त्याने तो अहमदाबादला पाठवला आणि दुसऱ्या आठवड्यात नवी छत्री घेतली, एवढं खरं.

मिरवणूक परत आली ती शेटला जवळजवळ खांद्यावर घेऊन. ओटीवर बसून अच्युतने ज्याचे त्याचे पैसे ज्याच्या त्याच्या हातात दिले. उरले अठराशे. ते बघून त्याला अपराधी वाटू लागलं. त्याने ते मधोमध ठेवले आणि म्हणाला, "हे तुमचेच आहेत. बागा तुमच्या, माल तुमचा. सगळ्यांनी वाटून घ्या."

कुणी हात पुढे केला नाही. दौलत छपराकडे बघू लागला. महादेवाने मिशी चावली.

"घ्या ना काका."

"नको हो," हरिश्चंद्र म्हणाला. "बरं नाय दिसत."

"का पण?"

"आमचा वाटा आम्ही आधीच घेतलाय." हरिश्चंद्रला ते फार जड जात होतं, पण अठराशे रुपये समोर ठेवून बसलेल्या त्या भोळ्या माणसाला फसवणं त्याहून जड जात होतं. "चिमणशेट बागेचे पाचशे देतो. साडेचारशेलाही मी दिली असती. तुम्हाला सातशे दाबले."

"म्हणजे तो मनातला आकडा नव्हता?"

"मनातला होता की. पण बागेचा नव्हता. तुम्ही पंचा टाकलात तेव्हा मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, हा देईल."

अच्युतने दौलतकडे पाहिलं. दौलतने मान खाली घातली. "मी चष्म्याचे पन्नास वेगळे धरले," तो पुटपुटला.

सातही जणांनी एकच केलं होतं. धीटपणा नाही, भित्रेपणा नाही, वादळ नाही, वटवाघळं नाहीत. सातही जणांनी पंच्याखाली फक्त अच्युत टेंबे मोजला होता. डॉक्टरांची पद्धत जोखमीच्या आसपासही गेली नव्हती. अच्युतला ते बेचाळीसशे परवडले असते, पण हे काही परवडेना. नोकरी गेली, मुहूर्त गेला. तो पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला आणि बकुळाने दोनदा हाक मारली तरी जेवायला उठला नाही. हरिश्चंद्रच्या घशाखालीही मग घास उतरेना.

गुरुवारी सकाळच्या गाडीने डॉक्टर परचुरे आले. त्यांना अंगणातल्या मोडक्या करंडीपासून ओटीपर्यंत येईतो सगळी हकिगत तुक्याने, दौलतने आणि महादेवाने एकाच वेळी सांगितली. ओटीवर टेकेपर्यंत डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. अच्युत मान खाली घालून उभा राहिला.

"टेंबे," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?"

"हो सर."

"सगळं जग नुसते प्रश्न विचारतं आणि लोक तोंडाला येईल ते सांगतात. तुम्ही खरे पैसे मोजलेत. खरी बाग, खरा सौदा, खरे आकडे. हे कुणाला सुचलं नव्हतं. मला सुचलं नव्हतं. पुण्याला गेल्यावर तुमच्या नोकरीच्या कागदावर आधी सही करतो."

"सर, मला एक सांगायचंय. ते आकडे—"

"आकड्यांचं काय? खरे आहेत ना?" डॉक्टर हरिश्चंद्रकडे वळले. "तुम्ही सांगा. सातशे हा तुमचा अगदी मनातला, शेवटचा आकडा होता? त्याच्याखाली बाग सोडली नसती?"

अच्युतने डोळे मिटले. हरिश्चंद्रने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या बकुळाकडे पाहिलं. बकुळाने पदर खोचला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की त्याचा अर्थ त्याला तीस वर्षांच्या संसारातून बरोबर समजला.

"शेवटचा, साहेब," हरिश्चंद्र म्हणाला. "देवाशपथ म्हणत नाही, पण एक रुपया खाली सोडली नसती."

"मीही," दौलत घाईने म्हणाला. महादेवाने छातीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. अठराशे रुपयांची थप्पी पाहून त्यांचा आनंद आणखी वाढला. "हा पुढच्या वर्षीचा निधी. झाईपासून कोसबाडपर्यंत एकही बाग सोडायची नाही. पंच्याचं हे तंत्र मला समजावून सांगा, टेंबे. कारण पुढच्या हंगामाला मी स्वतः येणार आहे. घोलवडची पहिली मूठ मी दाबणार."

"स्वतः येणार, साहेब?" हरिश्चंद्रने विचारलं.

"स्वतः."

हरिश्चंद्र थोडा मागे सरकला आणि त्याने डॉक्टरांकडे शांतपणे पाहिलं. चकाकणारं टक्कल पाहिलं, सोनेरी काड्यांचा चष्मा पाहिला, पॉलिश केलेले बूट पाहिले, आणि आनंदाने फुललेलं ते गोल, विश्वासू तोंड पाहिलं. मग तो दौलतच्या कानाशी वाकला.

"हजार," तो म्हणाला.

दौलतने डॉक्टरांना पुन्हा एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "बाराशे," तो म्हणाला.